लाल दोरा नसलेली वायर

बिराआबा ब्रेकची वायर डोळे मिटून तपासायचे. कव्हरातून वायर पुरती ओढून काढायची, चिंधीने पुसायची, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचे आणि बाकीची दोन बोटांतून सावकाश सोडत न्यायची. त्या वेळी कोणी बोललेले त्यांना खपत नसे. मधेच बोटे थांबायची. डोळे मिटलेलेच असायचे.

"हितं उसवलीय," ते म्हणायचे.

गिऱ्हाइकाने वायर उन्हाकडे धरून बघितली की केसाएवढी एक तार तुटून वर आलेली दिसायची. वायर म्हणजे अशा बारीक तारांचा पीळच असतो, हे मला त्यांच्यामुळे कळले.

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या लेकीच्या सायकलचा ब्रेक लागेना म्हणून ती दुरुस्तीला दिली. दुकानातल्या माणसाने जुनी वायर बघितलीसुद्धा नाही. कापून फेकली आणि नवी ओवली. त्याचे काही चुकले नाही. पण मी घरी आले आणि चुलीपुढे नुसती बसून राहिले. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. कोणापुढे बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून धाकटीच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे.

मी वडगाव निंबाळकरची. लग्न होऊन भवानीनगरला आले तेव्हा आमच्या घराशेजारी बिराआबांचे सायकलचे दुकान होते. चार पत्रे आणि पुढे एक लिंब, एवढेच दुकान. त्यांच्या आणि आमच्या अंगणात कमरेएवढी दगडी भिंत होती. या भिंतीला लागून आमचा धुण्याचा दगड. दुपारी धुणे झाले की मी तिथेच सावलीला वाकळ शिवायला बसायचे. आबांकडे माझी पाठ असायची. पण कान काही पाठ करून बसत नाहीत. त्यांचे सगळे बोलणे मला ऐकू यायचे.

ते मूळचे मेंढपाळाच्या घरातले. वडील मेंढरे घेऊन कोकणात उतरायचे, तेव्हा लहानगे बिराआबा चालता चालता टकळीवर लोकर कातायचे. पुढे मेंढरे गेली, थोडी जमीन आली, ती भावाकडे राहिली आणि हे सायकलीत पडले. आधी सगळ्या सायकलींना सळीचे ब्रेक होते. नंतर वायरचे ब्रेक असलेल्या सायकली आल्या, पोरींच्या खालच्या दांडीच्या सायकलींना तर वायरच. दुसरे मिस्त्री कुरकुर करायचे. आबांनी पहिली वायर हातात घेतली आणि म्हणाले म्हणे, "आरं, ही तर लोकरच हाय. लोखंडाच्या मेंढराची."

खंडेनवमीला ते पान्हे, पक्कड, हवेचा पंप धुऊन मांडायचे आणि त्यांच्या मधोमध वडिलांची टकळी ठेवायचे. हळदकुंकू पहिले तिला, मग पकडीला.

वायर नवी घातली की तिचे मोकळे टोक पसरू नये म्हणून ते दोन बोटांत धरून वळायचे, अगदी लोकर वळतात तसे, आणि वर कथलाचा एक थेंब द्यायचे. गाठ मारलेली वायर मात्र त्यांना डोळ्यापुढे नको असायची. एकदा दगडू गवळी तुटलेल्या वायरला गाठ मारून आला. दोन्हीकडे दुधाच्या किटल्या, मागे डेअरीची घाई.

"आबा, एवढी गाठ आवळून द्या. सांच्याला नवी टाकू."

"बघू," आबा म्हणाले. वायर हातात घेतली आणि पकडीने गाठीच्या दोन्ही बाजूंनी कापून टाकली.

"आवो, काय केलं हे!"

"आता गाठ मारायला जागाच न्हाय ऱ्हायली. बस खाली. नवी घालतो."

"दूध नासंल की माझं!"

"दूध नासलं तर म्हस उद्या परत दील. तुला कोन दील?"

दगडू शिव्या घालत बसून राहिला. तरी पुढे वायरसाठी तो कधी दुसरीकडे गेला नाही.

गावच्या साखर कारखान्यात एक तरुण केमिस्ट साहेब नवीन आले होते, त्यांच्याकडे गिअरची सायकल होती. आमच्या भागात ती पहिलीच असेल. गिअर टाकला की साखळी हवी तिथे न बसता उड्या मारायची. बारामतीच्या दोन दुकानांत दाखवून झाले होते. एकाने गिअरची वायर दोनदा बदलली होती. आबांनी गिअरची सायकल याआधी हातात धरली नव्हती. त्यांनी सायकल उलटी केली आणि साहेबांना सांगितले, "तुमी नुसतं गिअर टाका आन् काडा. मला ऐकू द्या."

साहेब खटका दाबत राहिले. आबा कान लावून बसले. पंधरा मिनिटे तरी हाच खेळ चालला. समोरच्या नामाच्या चहाच्या टपरीवरचे सगळे उठून बघायला आले.

"वायर चांगली हाय," आबा शेवटी म्हणाले. "वायरीचं घर गंजलंय. ती जायला निगती आन् दारातच अडती."

त्यांनी कव्हर काढले. मागच्या चाकाजवळच्या वळणाला आत पाणी शिरून गंज धरला होता आणि कव्हराचे टोक तिरपे कापलेले होते. तेवढा तुकडा बदलला, टोक कानशीने सरळ घासले, वायरला तेलाचे बोट लावले. साखळी शहाण्यासारखी एकेका चक्रावर बसायला लागली. साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणाले. आबा लाजले. मोठा माणूस लाजला की लहान दिसतो, ते मी भिंतीपलीकडून तेव्हा पाहिले.

सकाळी शाळेच्या वेळी ते दुकानात नसायचे. कालव्याच्या पुलावर जाऊन उभे राहायचे. पलीकडच्या वस्त्यांवरच्या पोरी सायकलीवरून त्या पुलावर चढायच्या आणि मग सरळ उतार. खाली मोठा रस्ता, हंगामात उसाच्या गाड्या. आबा एकेकीला थांबवायचे.

"दाब."

पोरगी दोन्ही ब्रेक दाबायची. आबा सायकल पुढे ढकलून बघायचे.

"आबा, घंटा झाली असंल!"

"हुंदे. मास्तराला माझं नाव सांग."

"मास्तर म्हनत्यात, तुमच्या आबाला पन बसवा नववीत!"

"येतो की. पयली दाब."

मी पाणी भरायला जाताना हे बघायचे. चौथीनंतरची माझी शाळा चार मैलांवर होती आणि घरात सायकल नव्हती. एवढ्यावरच माझी शाळा सुटली. त्यामुळे त्या पोरी उतारावरून वेण्या उडवत जाताना दिसल्या की मी घागर घेऊन उगाच उभी राहायचे.

आबांच्या बोटांचे मला कळले ते एका दुपारी. कधी नव्हे ते दगडूशी बोलत वायर तपासत होते. मी वळून पाहिले तर तुटलेली एक तार त्यांच्या बोटात शिरून उभी होती. रक्ताचा ओघळ मनगटापर्यंत आला होता आणि आबा बोलतच होते. दगडूचे लक्ष नव्हते. तो गेल्यावर मी आबांशी पहिल्यांदा बोलले. लग्नाला सहा वर्षे झाली होती.

"आबा, बोटात तार हाय."

त्यांनी बोटाकडे पाहिले. मग रस्त्याकडे पाहिले, कोणी बघतेय का ते. मग तार उपसून काढली आणि मला म्हणाले, "कुनाला बोलू नगंस, हौसे."

साखरेचा आजार होता. आधी पायाची बोटे बधिर झाली, मग हाताची. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितले होते म्हणे, गेलेली जाणीव परत येत नाही. आबा हसून म्हणाले, "च्यात साकर टाकायची सोडली, तर रगतात शिरून बसली."

त्या दिवसानंतर मला दिसायला लागले की ते वायर बोटांतून नाही, खालच्या ओठावरून ओढून बघतात. लोक हसायचे. "आबा, वायर चाटून गोड लागती का?" टपरीवरून नामा विचारायचा. आबाही हसायचे. पण ओठ चिरला, मग पिकला, तोंड सुजले. भाकरी खाता येईना. नवीन वायर प्रत्येकाला घालता आली असती, पण धड वायर फेकून देणे त्यांना धड मेंढरू कापण्यासारखे वाटायचे. आणि न तपासता परत घालणे तर त्यांच्याने झालेच नसते.

त्याच दिवसांत वाकळ शिवताना माझ्या सुईचे टोक मोडून आत राहिले. लेकराच्या अंगाला लागेल म्हणून मी डोळे मिटून सगळी वाकळ बोटांनी चाचपली आणि टोक शोधून काढले. डोळे उघडले तर आबा भिंतीपलीकडे उभे.

"घावलं?"

"घावलं."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक वायर गुंडाळून ठेवलेली होती. ते रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "बघ जरा."

मी बघितली. एका जागी बोटाला खुपले. तिथे वाकळीचा लाल दोरा बांधला आणि वायर परत भिंतीवर ठेवली. आबांनी ती उचलली, लाल दोरा पाहिला आणि वायर मोडीत टाकली. असे सुरू झाले. लाल दोरा असला तर वायर गेली, नसला तर चांगली. दिवसाला दोन, कधी चार. धुणे करता करता बघायची, हात पाण्याखाली धरायचे. सासूबाईंना एकदा वाकळीच्या पांढऱ्या ठिगळावर काळ्या बोटांचे ठसे दिसले. मी म्हटले, तव्याची काजळी. आयुष्यात मी क्वचित खोटे बोलले, त्यातले ते एक.

मला ते काम आवडायचे, हे आज लिहिते. एकदा मी एका चांगल्या वायरला चुकून दोरा बांधला. आबांनी भिंतीजवळ येऊन हळूच सांगितले, "भ्यायली म्हनून दोरा बांदू नगंस. आन् मला बरं वाटावं म्हनून सोडू बी नगंस. हाय ते सांग." शाळेत असताना मास्तरांनी मला कधी एवढे समजावून सांगितले नव्हते.

दोन पावसाळे असे गेले. पोरी उतारावरून जात होत्या. आबा पुलावर उभे राहत होते. बिराआबांचा हात म्हणजे हात, असे लोक म्हणत होते.

सुरेखा म्हणून एक मुलगी होती, नववीतली. कालव्यापलीकडच्या वस्तीवरून यायची. एका सकाळी ती सायकल दुकानात लावून शाळेला चालत गेली. ब्रेक जड लागत होता. आबांनी उजव्या मुठीची वायर काढली, पुसली, गुंडाळून भिंतीवर ठेवली आणि सामान आणायला एस.टी.ने बारामतीला गेले.

मी धुण्याला बसले, हात पुसले आणि वायर उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात टपरीवरून नामा मोठ्याने ओरडला.

"आगाया! ही वायर नव्हं, आबांनी शेजारच्या सुनंला गळ टाकलाय की!"

टपरीवरचे सगळे हसले. कोणीतरी आणखी काहीतरी बोलले, ते मी लिहिणार नाही. सासूबाई दारात आल्या.

"काय म्हनत्यात गं ती?"

"काय न्हाय, आत्याबाई."

"हात लावू नगंस त्या लोखंडाला. घरात चल."

मी घरात गेले. दिवसभर बाहेर आले नाही. खिडकीतून भिंतीवरची वायर दिसत होती. अंधार पडायच्या आत जाऊन बघू, असे मनात होते. दुपारी नणंद आली, तिच्यासाठी स्वयंपाक झाला, आणि दिवे लावायच्या वेळी मी बाहेर पाहिले तर भिंत रिकामी होती.

आबा बारामतीहून आले होते. वायरला लाल दोरा नव्हता.

शाळा सुटल्यावर सुरेखा सायकल घेऊनही गेली होती. मला वाटले, आबांनी नवी घातली असेल. नाही, हे बरोबर लिहिलेले नाही. मला तसे वाटले नव्हते, मी तसे वाटून घेतले. भिंतीवरून "आबा, म्या बघितली न्हाय" एवढे चार शब्द बोलायचे होते. समोर टपरीवर माणसे बसलेली होती.

सकाळी पुलावर आबा तिला "दाब" म्हणाले. तिने दाबला. लागला. ती उतारावरून निघाली. खाली उसाची बैलगाडी आडवी आली तेव्हा तिने जोर लावून दोन्ही ब्रेक दाबले आणि उजवी वायर तिच्या टोकाच्या, मुठीत अडकणाऱ्या मुंडीपाशी तुटली. सायकल एका ब्रेकवर गर्रकन फिरली. पोरगी रस्त्यावर तोंडावर पडली. पुढचे तीन दात गेले, मनगट मोडले. बैल थांबले म्हणून जीव वाचला.

दुपारी तिचे वडील चारपाच माणसे घेऊन दुकानावर आले. हातात ती तुटलेली वायर.

"आबा, ही कुनी बघितली हुती?"

"म्याच."

"धड हुती?"

"धड हाय म्हनून म्याच घातली."

"मग आसं कसं?"

"माजी चूक हाय," आबा म्हणाले. "बोटं मेलीत माजी. दोन वर्सं झाली. कुनाला सांगितलं न्हाय."

टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले. नामासुद्धा. मी धुण्याच्या दगडापाशी ओला पिळा हातात धरून उभी होते. आबा एवढे बोलले, पण त्यांनी एकदाही भिंतीकडे पाहिले नाही. मान तिकडे वळू नये म्हणून ते समोरच्या माणसाच्या पायांकडे बघत होते. मी तोंड उघडले असते तर सगळ्यांना ऐकू गेले असते. पिळ्यातले पाणी पायावर गळत राहिले.

चार दिवसांनी आबा नवी वायर घेऊन सुरेखाच्या वस्तीवर गेले. सायकल पुन्हा नीट केली. तिच्या वडिलांसमोर, साठी उलटलेला तो माणूस पुलावरून स्वतः त्या पोरीच्या लहान सायकलीवर बसून खाली आला आणि मोठ्या रस्त्याच्या अलीकडे ब्रेक दाबून थांबला. हे दगडूने सांगितले. वडील म्हणाले, "सायकल चांगली झाली, आबा. पन पोरगी आता न्हाय बसायची तिच्यावर. शिकली तेवढं बास." सायकल त्यांनी गोठ्याच्या आढ्याला टांगली.

पुलावरून आबा परत आले. दुकान उघडले. पान्हे पुसून पेटीत ठेवले. संध्याकाळी पत्रे उतरवायला सुरुवात केली. दगडू म्हणाला, "आबा, माझी वायर कोन घालनार?" आबांनी त्याला दोन नव्या वायरी दिल्या आणि घालायच्या कशा ते दाखवले. पुढच्या आठवड्यात ते वरकुट्याला भावाकडे राहायला गेले. जाताना सासूबाईंशी बोलले, आमच्या ह्यांच्याशी बोलले. मी चहा आणून ठेवला. "बरी ऱ्हा, हौसे," एवढेच मला म्हणाले.

त्यानंतर दीड वर्षाने मी त्यांना इंदापूरच्या एस.टी. स्टँडवर पाहिले. मी नणंदेकडून परत येत होते. बाकड्यावर घोंगडे टाकून ते बसले होते. एका पायाला पट्टी, अंगठा काढलेला. हातात वडिलांची टकळी. गुडघ्यावर घासून ती फिरवत होते. लोकरीचे सूत निघत होते, पण जाडबारीक, मधे मधे गोळे आलेले.

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी ओळखले.

"बस. कुठं निघालीस?"

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आले नसते.

"आबा, त्या दिवशी ती वायर म्या बघितलीच न्हवती."

टकळी थांबली.

"ठावं हाय गं."

"कसं?"

"तू बघितलीस की वायर तुझ्या हातानं गुंडाळायचीस. बारीक वेटोळं, वाकळीच्या दोऱ्यासारखं. त्या दिवशी माझंच वेटोळं हुतं. घरी जाऊन बसल्यावर सुदरलं. बोटं मेली हुती, डोळं तर हुतं ना मला? डोळ्यानं दिसायला पायजे हुतं."

मला खूप बोलायचे होते. नामाचे, खिडकीचे, चार शब्दांचे. गाडी लागल्याची हाक झाली आणि माणसे धावायला लागली. आबांनी कातलेले सूत माझ्यापुढे धरले.

"बघ बरं. भावाच्या नातवासाठी घोंगडी काडायची म्हनतो. नीट हाय का?"

स्टँड भरलेला होता. कोणी तरी ओळखीचेही असेल. मी डोळे मिटले आणि सूत दोन बोटांतून सावकाश सोडत नेले, त्यांनी टकळीला गुंडाळले होते तिथपर्यंत.

"न्हाय, आबा. नीट न्हाय. चार जागी गोळं आल्यात. एका जागी तुटायला आलंय."

"कुठं?"

मी त्यांचे बोट धरून त्या जागेवर ठेवले. त्यांनी दाबून बघितले. पुन्हा दाबले. त्यांना काही लागले नाही.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "जा. गाडी जाईल."

गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. गाडी मागे वळली तेव्हा ते दिसले. मी दाखवलेली जागा हरवू नये म्हणून त्यांनी सूत तिथेच चिमटीत धरून ठेवले होते. पण चिमटीला काही कळत नव्हते, म्हणून मान खाली घालून ते तेच सूत खालच्या ओठावरून हळूहळू ओढत होते, डोळे मिटून, शोधत.